कानातली शिटी

दिवाळी अंकासाठी लेख मागताना आमचे संपादक दरवर्षी पत्रात एक ओळ न चुकता लिहितात : "यंदा काही तरी खुसखुशीत येऊ द्या." मीही आजवर त्यांच्या आज्ञेप्रमाणे चकल्याच तळीत आलो. यंदाही तोच बेत होता. पण घाण्यातून निराळेच काही निघाले. त्याला कारण माझी नात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, घरात सामसूम. मी आरामखुर्चीत डोळे मिटून, कानात ती बोंडे खुपसून पडलो होतो. चिरंजिवांनी वाढदिवसाला दिलेली ही बोंडे फार सोयीची. ती कानात असली की आपण काही तरी महत्त्वाचे ऐकतो आहोत असे घरच्यांना वाटते, आणि कोणी भाजी निवडायला सांगत नाही. नात शाळेतून केव्हा आली, मला कळले नाही. तिने माझ्या एका कानातले बोंड अलगद काढून स्वतःच्या कानात घातले. तिला वाटले असणार, आजोबा अभंग ऐकत असतील. फार तर नाट्यगीत. पुढच्याच क्षणी तिचे डोळे विस्फारले.

"आजोबा! हे झॉम्बी आहे!"

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो.

"पण हे तुम्हाला कसं माहीत?"

"तुझ्या बापाच्या कृपेनं. तू जन्मायच्या आधीपासून."

"आणि तुम्हाला हे आवडतं?"

वाचकहो, प्रश्न साधा होता. हो म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर त्याहून खोटे. मी काही तरी पुटपुटून चहाची आठवण काढली. नात हसत आत गेली, आणि मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकून राहिलो. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

गोष्ट १९९५ सालची. आम्ही तेव्हा डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो. चिरंजीव नुकतेच अकरावीत गेले होते, आणि अकरावीत गेलेल्या मुलाला जे जे होते ते सर्व त्यांना झाले होते. केस वाढले होते, बोलणे कमी झाले होते, आणि खोलीतून एक प्रकारचा आवाज येऊ लागला होता. फोर्टात काळ्या घोड्याजवळ ऱ्हिदम हाऊस नावाचे दुकान होते. गाण्याच्या शौकिनांची ती पंढरीच. २०१६ साली बंद झाली. तिथून त्याने खाऊच्या पैशांतून एक कॅसेट आणली. आयर्लंडमधल्या लिमरिक गावच्या चौघांची ही मंडळी. वृंदाचे नाव द क्रॅनबेरीज. तीन पुरुष वाजवणारे, आणि गाणारी, गाणे रचणारी एक मुलगी, डोलोरेस ओरिओर्डन. त्या कॅसेटीत एक गाणे होते. १९९४ च्या सप्टेंबरात ते एकटे सुटे प्रसिद्ध झाले होते आणि मग जगभर गाजले होते. त्याचे नाव झॉम्बी, म्हणजे चालते-बोलते प्रेत.

दिवेलागणीच्या वेळी आपल्या घरात चालते-बोलते प्रेत ओरडते आहे, हे कोणत्या बापाला खपेल?

आवाजाचे वर्णन करायचे तर असे. आरंभीच गिटारींचा एक जाड, घोगरा लोंढा अंगावर येतो. त्यामागे ढोल असा बसतो की कपाटातल्या काचेच्या बरण्या नाजूकपणे किणकिणतात. मग तो लोंढा एकाएकी ओसरतो. एक गिटार उरते, जिन्यावर कोणी अनवाणी चालावे तशी. त्यावर ती मुलगी जवळजवळ कुजबुजत गाऊ लागते. ऐकणारा जरा सैलावतो, वर्तमानपत्र पुन्हा उघडतो, आणि नेमका त्याच क्षणी तो सगळा लोंढा पुन्हा कोसळतो. या वेळी तिच्या आवाजासकट. गाण्याच्या नावातली ती दोन अक्षरे ती ताणते, पिळते, मधेच मोडते. आवाज छातीतून निघतो आणि अर्ध्या वाटेवर उडी मारून कपाळात जातो. गाणे म्हणावे की किंचाळणे, हे ठरवणे कठीण.

मी ठरवून टाकले. "हा धांगडधिंगा बंद कर," मी म्हणालो. "गाणं म्हणजे काय, हे तुम्हा लोकांना कळेल तो सुदिन." वगैरे वगैरे. त्या प्रसंगी बापाने जे बोलायचे असते ते सर्व मी बोललो. माझ्या वडिलांनीही सिनेमाच्या गाण्यांवर मला हेच ऐकवले होते, त्यामुळे नवे शब्द शोधावे लागले नाहीत. कॅसेट बंद झाली. घरात शांतता पसरली, आणि मी मोठ्या विजयाने वर्तमानपत्रात डोके घातले.

त्या काळी मला शांततेचे फार प्रेम होते. ते का होते, हे सांगायचे तर आधी आमच्या अण्णांची ओळख करून द्यायला हवी.

अण्णा माझे कचेरीतले शेजारी. आमची टेबले लागून, गाडीतली जागा लागून. सकाळी डोंबिवलीहून एकाच गाडीने निघायचे, तेव्हाच्या व्ही. टी. ला उतरायचे, फोर्टापर्यंत चालत जायचे, आणि संध्याकाळी त्याच क्रमाने परत. वीसेक वर्षांत आमची जोडी इतकी पक्की झाली होती की एकटा दिसलो तर पानवाला विचारी, "दुसरे साहेब आजारी का?" चालण्याचीही रीत ठरलेली. अण्णा डावीकडे, मी त्यांच्या उजवीकडे. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन आम्ही दलाल स्ट्रीटच्या बाजूला एक फेरी मारीत असू. तिथे एक चहाची टपरी होती. अण्णांना तिथला चहा आवडे, आणि मला अण्णांच्या गप्पा.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. मुंबईच्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. आधीच्या डिसेंबरात आणि जानेवारीत दंगली होऊन गेल्या होत्या. शहराने नुकता कोठे श्वास घेतला होता. त्या दिवशी माझ्या हिशेबात सव्वातीन रुपयांचा फरक येत होता आणि तो काही केल्या सापडेना. अण्णा उठले, नेहमीसारखे म्हणाले, "चला." मी मान वर न करता म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं. मी आलोच."

दीड वाजता शेअर बाजाराच्या इमारतीखाली पहिला स्फोट झाला. पुढच्या दोन-सव्वादोन तासांत एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, दादरचे प्लाझा, वरळीचा सेंचुरी बाजार असे शहर ठिकठिकाणी फुटत गेले. सरकारी मोजदादीप्रमाणे २५७ माणसे गेली.

अण्णा वाचले. हातापायांना जखमा झाल्या, त्या भरल्या. उजवा कान मात्र गेला तो गेलाच. आपल्या अंतर्कर्णात केसांहून सूक्ष्म अशा पेशी असतात. त्या आवाजाचा धक्का ओळखून मेंदूला कळवतात. स्फोटाच्या दाबाने त्या मोडतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. अण्णांचा कान नुसता बहिरा झाला नाही. त्यात एक शिटी सुरू झाली. बारीक, उंच, अखंड. दिवसा रहदारीत ती थोडी बुडे, रात्री सगळे निजले की वर येई. "कुकर लावून गॅस बंद करायला विसरलोय असं वाटत राहतं," असे ते एकदा हसत म्हणाले होते. त्या दिवसाबद्दल ते एवढेच बोलले. मी अधिक विचारले नाही.

का विचारले नाही? कारण शहरात तेव्हा कोणीच विचारीत नव्हते. मुंबई पुन्हा उठून कामाला लागली, याचे सगळ्यांनी कौतुक केले, आणि ते कौतुक खोटेही नव्हते. गाड्या धावत होत्या, कचेऱ्या भरत होत्या. सव्वातीन रुपयेही सापडले. दीडेक महिन्याने अण्णा कामावर आले तेव्हा आम्ही त्यांना हार घातला, पेढे वाटले, आणि कामाला लागलो. गाडीत मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो, त्यांच्या उजवीकडे. त्या बाजूने त्यांना ऐकू येत नव्हते, म्हणून मला बोलावे लागत नव्हते. वाचकहो, अडीच वर्षे मी त्या बाजूला बसलो. सवय म्हणून बसतो, असे स्वतःला सांगत बसलो.

आता त्या दिवाळीकडे येतो. १९९५ ची दिवाळी अनेकांना लक्षात असेल, कारण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण होते. राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या एका पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. ग्रहण सुटल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा फराळाला आले. दिवाळीत ते सहसा घराबाहेर पडत नसत. फटाके सुरू झाले की खिडक्या लावून, उशी कानावर धरून बसत. त्या दिवशी कसे कोण जाणे, आले. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच खाली पोरांनी ॲटमबाँबची माळ लावली. अण्णांच्या हातातली बशी लवंडली. चिवडा सतरंजीभर झाला. "असू द्या, असू द्या," म्हणत सौ. केरसुणी आणायला गेली, आणि मी खिडकी लावायला धावलो.

आतल्या खोलीत चिरंजीव होते. बाहेर काय चालले आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती. फटाक्यांच्या आवाजात बापाला ऐकू जाणार नाही, असा धूर्त हिशेब करून त्यांनी नेमके तेच गाणे लावले होते. मी खिडकी लावली, फटाके थांबले, आणि तो घोगरा लोंढा सबंध घरात भरला.

"अरे, बंद कर ते!" मी ओरडलो.

"थांबा," अण्णा म्हणाले.

ते उठून आतल्या दारापाशी गेले. डावा कान पुढे करून, चौकटीला हात टेकून उभे राहिले. गाणे संपेपर्यंत हलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "पुन्हा लावतोस का? आहे एवढ्याच आवाजात. वाढवू नको."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीची कडी चाचपीत राहिलो. गाणे पुन्हा लागले. दुसऱ्यांदा संपल्यावर अण्णा पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "एवढा वेळ शिटी गेली होती."

पुढे मी कानाच्या डॉक्टरांकडून समजून घेतले. कानातल्या शिटीवर दुसरा भरीव आवाज पसरला की ती त्याखाली झाकली जाते. हे पुष्कळ रुग्णांना अनुभवाला येते. चांगल्या उपचारांतही त्याचा उपयोग करतात, फक्त हलक्या आवाजात. मोठ्याने मात्र उरलेला कानही जायचा. तेव्हा ही सर्व हकीकत मला ठाऊक नव्हती. मला फक्त एवढे दिसले, की मी ज्याला गोंगाट म्हणत होतो त्याच्यात या माणसाला विसावा मिळाला होता.

"बाई कुणासाठी एवढी रडते आहे रे?" अण्णांनी विचारले.

रडते आहे! माझ्या ध्यानातही आले नव्हते. मी किंचाळणे ऐकले होते. अण्णांना इंग्रजी गाण्यातले अक्षर कळत नव्हते, आणि तरी त्यांनी बरोबर ओळखले होते.

चिरंजीव अकरावीतले असले तरी आपल्या दैवतांची चरित्रे त्यांना मुखोद्गत होती. त्याने सांगितले. इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन नावाचे गाव आहे. तिथल्या बाजारपेठेत आयरिश रिपब्लिकन आर्मीने कचऱ्याच्या पेट्यांत दोन बाँब ठेवले होते. शनिवारची दुपार, दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन. रस्ता खरेदीच्या माणसांनी फुललेला. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच गेला. बारा वर्षांचा दुसरा पाच दिवसांनी इस्पितळात गेला. ही गाणारी मुलगी त्या सुमारास आपल्या वृंदाबरोबर इंग्लंडात दौऱ्यावर होती. ती स्वतः आयरिश. आयर्लंडच्या नावाने कोणी लहान मुले मारतो, आणि ते माझ्या नावाने मारलेले नाही, हे सांगण्यासाठी तिने हे गाणे लिहिले. १९१६ च्या डब्लिनच्या उठावापासून तेच ते डोक्यात घोळत आले आहे, असे ती त्यात म्हणते. बंदुका आणि बाँब आता रणांगणावर नसून माणसांच्या डोक्यात आहेत. प्रेते होऊन चालतो आहोत ते आपण.

"कधीची गोष्ट ही?" अण्णांनी विचारले.

"वीस मार्च एकोणीसशे त्र्याण्णव."

अण्णांनी बोटांवर मोजले. कारकुनाची बोटे ती, चुकायची नाहीत. "आपल्यानंतर आठ दिवसांनी," ते म्हणाले.

मग ते बोलू लागले. माझ्याकडे न पाहता, त्या मुलाकडे पाहत.

"लोक म्हणतात, केवढा आवाज झाला. मला आवाज ऐकूच आला नाही. एकदम सगळं बंद झालं. धूर होता, काचा पडत होत्या, आणि माणसं तोंडं उघडून पळत होती. ओरडत असणार. मला एकाचंही ओरडणं ऐकू येत नव्हतं. आपल्याला चहा आणून द्यायचा तो पोरगा... रस्त्यावर होता. त्याचं तोंड उघडं होतं. तो काही म्हणत होता की नाही, मला अजून ठाऊक नाही." थोडे थांबून त्यांनी टेपरेकॉर्डरकडे बोट केले. "हे ऐकलं आणि वाटलं, तेव्हा जे ऐकायचं राहिलं ते हे असावं."

खोलीत कोणी बोलले नाही. केरसुणी हातात धरून सौ. दारात उभी होती. अडीच वर्षे माझ्या घशात अडकलेले वाक्य मग कसेबसे बाहेर आले.

"अण्णा, मी त्या दिवशी तुमच्याबरोबर आलो नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या उजव्या बाजूनं चालता."

एवढेच. मग त्यांनी चहा मागितला.

त्या रात्रीनंतर मी ते गाणे मुलाकडून मागून घेतले आणि नीट ऐकायला बसलो. सुशिक्षित माणसाची ही खोड. रडू आले नाही तर तो अभ्यास करतो. पण त्या अभ्यासाने काही गोष्टी कळल्या, त्या सांगतो. गाण्याची घडण अगदी साधी आहे. ई मायनर, सी, जी आणि डी हे चार स्वरमेळ एकामागून एक येतात आणि पाच मिनिटे तेच चक्र फिरत राहते. जाते फिरावे तसे. स्वर पाहिले तर आपल्या आसावरी थाटाचे, म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल. अर्थात कोणी त्यात आसावरीचे चलन शोधू नये. चक्र बदलत नाही. बदलतो तो फक्त आवाजाचा भार. हलके, मग जड. पुन्हा हलके, पुन्हा जड. ही रीत तिची एकटीची नव्हे. अमेरिकेतल्या पिक्सीज आणि निर्वाणा या वृंदांनी ती आधी रूढ केली होती, आणि त्या दशकात जिकडेतिकडे तिची गाणी निघाली. पुष्कळांच्या हाती तो नुसता दचकवण्याचा खेळ झाला. इथे मात्र तसे वाटत नाही. धक्क्यातून सावरलेला माणूस शांतपणे बोलू लागतो, आणि चार वाक्यांनंतर त्याचा बांध फुटतो. मग तो स्वतःला सावरतो, आणि पुन्हा फुटतो. या गाण्याची चाल अशी आहे.

त्या घोगरेपणाचेही कारण आहे. गिटारीच्या तारेचा कंप विजेच्या लहरीत उतरतो. ती लहर यंत्राला झेपेल त्याहून मोठी केली की तिचे माथे सपाट छाटले जातात, आणि त्या छाटणीतून मुळात नसलेले पुष्कळ वरचे स्वर जन्माला येतात. आपले लोक तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हाही वरचे स्वर जागे होतात. तिथे त्यातून गोडवा येतो, इथे ओरखडा येतो. ओरडून ओरडून बसलेल्या घशासारखा तो आवाज लागतो. मी ज्याला बिघाड समजत होतो, तो हिशेबाने केलेला होता.

आणि तिच्या आवाजातली ती मोडणारी उडी! आयर्लंडात पूर्वी माणूस गेला की बायका प्रेताशेजारी बसून सुरात रडत. गेलेल्याचे गुण सांगत, त्याला बोल लावीत, मधेच शब्द सुटून नुसता आक्रोश उरे. तिकडे त्याला कीनिंग म्हणतात. पुढे धर्मगुरूंना आणि सुधारलेल्या मंडळींना ते असभ्य वाटू लागले, आणि ती रीत मावळली. या मुलीच्या आवाजात अनेकांना त्या जुन्या रडण्याची खूण सापडली आहे. मला वाचताना माझी आजी आठवली. आमच्या गावी बायका अशाच सूर लावून, शब्द जोडीत रडत. आम्ही शहरात आलो, शिकलो, आणि बंद दारामागे रुमाल तोंडावर धरायला शिकलो. त्या रीतीत एक शहाणपण होते : एक बाई सर्वांच्या वतीने मोठ्याने रडे, आणि मग बाकीच्यांना रडणे सोपे जाई.

या गाण्यावर आक्षेपही आले. वॉरिंग्टनच्या मुलांसाठी रडलीस, मग उत्तर आयर्लंडात सैनिकांच्या गोळ्यांनी मेलेल्या मुलांचे काय, असे विचारणारे पुष्कळ होते. तो प्रश्न खोटा नाही. आपल्याकडेही त्या वर्षी प्रत्येक जण आपापले मृत मोजत होता. पण मला वाटते, रडणाऱ्या बाईला तू आधी कोणाकोणासाठी रडलीस याची यादी मागू नये. तिने तेव्हा एकविशी ओलांडली होती. आपल्या बाजूच्या लोकांना तिने नाही म्हटले, एवढे पुरे आहे. आपल्या बाजूच्यांना नाही म्हणणे किती जड जाते, हे त्या काळात मुंबईत राहिलेल्या कोणालाही विचारा.

पुढे १९९८ च्या एप्रिलमध्ये बेलफास्टला करार झाला आणि तिकडचा रक्तपात बव्हंशी थांबला. तो काही एका गाण्याने थांबवला नाही. गाण्यांनी तेवढे होत नाही. डोलोरेस ओरिओर्डन १५ जानेवारी २०१८ रोजी लंडनमध्ये वारली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी. २०२३ सालच्या रग्बीच्या जागतिक स्पर्धेत आयर्लंडने पॅरिसला दक्षिण आफ्रिकेला हरवले, तेव्हा हजारो आयरिश प्रेक्षक हेच गाणे एका सुरात म्हणत होते. ती चित्रे मी नातीच्या फोनवर पाहिली. पोरे नाचत होती, गळ्यात गळे घालून. शोकगीत जत्रेत गेले म्हणून काहींना राग आला. मला आला नाही. त्यातल्या कित्येकांचा जन्म करारानंतरचा होता.

अण्णाही आता नाहीत. शेवटपर्यंत शिटी होती, पण ते म्हणत, "शेजारीण आहे, तिच्याशी जमवून घेतलं." १९९५ च्या दिवाळीनंतर कचेरी उघडली, त्या दिवशी संध्याकाळी गाडीत चढल्यावर मी त्यांच्या डावीकडे जाऊन बसलो. आमच्या नेहमीच्या मंडळींना जरा चमत्कारिक वाटले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, वर्तमानपत्राची घडी केली, आणि भायखळा येईपर्यंत त्या चहावाल्या पोराबद्दल सांगत राहिले. तो कोणत्या गावचा, त्याला गणित किती पटकन येई, सुटे पैसे नसले तर कसा हसे. निवृत्त होईपर्यंत मी त्याच बाजूला बसलो.

तेव्हा, बाळ, तू विचारलेस, हे तुम्हाला आवडते का? नाही. आवडत नाही. वर्षातून एकदा, मार्चच्या बाराव्या तारखेला, मी ते ऐकतो. क्वचित मधेच एखाद्या दुपारी अण्णांची आठवण आली, तर तेव्हाही. पाच मिनिटे लागतात. हलक्या आवाजात ऐकतो, कारण कान जपायला हवेत.

संपादकसाहेब, चकली यंदा मऊ पडली, क्षमा असावी. आणि वाचकहो, या दिवाळीत खाली पोरे माळ लावायला निघाली, तर वरच्या मजल्यावर कोणी खिडक्या लावून बसले आहे का, एवढे आधी पाहायला सांगा.